पहिल्या रविवारी रेडिओ बंद पडला नाही

वर्गात मी नेहमी आधी प्रश्न फळ्यावर लिहीत असे आणि मग खडू खाली ठेवत असे. इथेही तसेच करते. प्रश्न असा आहे: ज्या माणसाने मला वीस वर्षे ‘तपासल्याशिवाय मानू नका’ हे शिकवले, त्यानेच माझ्या घरातला जीव वाचवणारा स्विच निकामी करून ठेवला आणि अडीच वर्षे मला कळू दिले नाही... ते का? हा स्मृतिलेख आहे, त्यामुळे गेलेल्या माणसाविषयी चांगलेच लिहावे अशी अपेक्षा असणार. चांगले पुष्कळ आहे, तेही लिहीन. पण प्रश्न पुसणार नाही.

दिगंबर सावळे जानेवारीच्या शेवटी गेले. त्या आठवड्यात चंदीगडमध्ये धुके असे होते की समोरच्या ब्लॉकचा जिना दिसत नव्हता. सकाळी त्यांच्या मुलीचा, पल्लवीचा, फोन आला. ती माझी विद्यार्थिनी, नववी-दहावीला भौतिकशास्त्र माझ्याकडेच होते. मराठी तिला सारे कळते, पण उत्तर हिंदीत येते. ती म्हणाली, “मॅम, बाबा नहीं रहे. चाय पी रहे थे... बस, कप रखा और...” पुढचे वाक्य तिने पूर्ण केले नाही आणि मीही करायला लावले नाही. मी मनीमाजऱ्याला त्यांच्या घरी गेले तेव्हा तो कप अजून टेबलावरच होता. सुनंदा, त्यांची पत्नी, त्या कपाकडे बघत बसली होती. मला पाहून ती म्हणाली, “बाई, आता रविवारी तुमच्याकडे कोण येईल?” त्या दिवशी आम्ही दोघी त्याच वाक्यावर रडलो. तेव्हा मला वाटले होते की त्या वाक्याचा अर्थ मला पूर्ण कळला आहे.

रविवारचे सांगायला हवे. सावळे मूळचे अकोल्याचे. सेक्टर तीसमधल्या सरकारी प्रयोगशाळेत उपकरणांचे अभियंता म्हणून त्यांनी सारी नोकरी केली. माझे पती केंद्र सरकारच्या नोकरीत होते, बदलीवर आम्ही इथे आलो आणि इथलेच झालो. ओळख झाली ती विजेमुळे. पावसाळ्यात आमच्या घरचा पुरवठा दिवसातून चारदा तुटत असे आणि जो कारागीर येई तो नवा स्विच बसवून जाई. पतींच्या कचेरीतल्या कुणीतरी सावळ्यांचे नाव सुचवले. ते आले, पायातली चप्पल काढली नाही आणि त्याबद्दल आधी माफी मागितली: रबरी तळ आहे, म्हणून ठेवतो. मग त्यांनी खिशातून टेस्टर काढला आणि आमच्या विजेच्या डब्याकडे न जाता दिवाणखान्यातल्या चालू सॉकेटमध्ये घातला. दिवा लागला. मग बंद केलेल्या तारेवर धरला. लागला नाही. मग पुन्हा चालू सॉकेटमध्ये. मी विचारले की तीनदा कशासाठी. ते म्हणाले, “बाई, मधल्या वेळी टेस्टरच मेला असंल तर? तारेच्या आधी टेस्टरची परीक्षा, आन् तारेच्या नंतरबी टेस्टरचीच परीक्षा. नाहीतर आपण मेलेल्या साक्षीदाराची जबानी घेऊन राहिलो.”

एका शिक्षिकेला हे वाक्य ऐकून काय झाले असेल, ते शिक्षकांना सांगावे लागणार नाही. दुसऱ्याच दिवशी मी ते प्रयोगशाळेच्या तासाला मुलांना सांगितले, त्यांचे नाव घेऊन.

त्या पहिल्या दिवशी त्यांनी दोष कसा शोधला ते क्रमाने लिहिते, कारण पुढचे सारे त्यावर उभे आहे. घराच्या डब्यात दोन प्रकारचे पहारेकरी असतात. प्रत्येक खोलीसाठी किंवा मोठ्या उपकरणासाठी एकेक एमसीबी, तो भार वाढला किंवा तारा एकमेकींना चिकटल्या की पडतो. आणि या सर्वांच्या आधी एक रुंद स्विच, ज्याला घरोघरी ईएलसीबी म्हणतात. आत गेलेली वीज आणि परत आलेली वीज तो सतत ताडून बघतो. थोडी जरी वीज वाटेत गळाली, भिंतीच्या ओलीत किंवा माणसाच्या देहातून जमिनीत गेली, तरी तो डोळ्याचे पाते लवण्याआधी साऱ्या घराचा पुरवठा तोडतो. माणूस वाचतो तो या स्विचमुळे. सावळ्यांनी सगळे एमसीबी खाली केले, ईएलसीबी वर केला आणि मग एकेक एमसीबी चढवत गेले. स्वयंपाकघराचा चढवताच सारे तुटले. मग स्वयंपाकघरातली उपकरणे सॉकेटमधून काढून तीच रीत. शेवटी गिझरची कॉइल गुन्हेगार ठरली. नवा स्विच लागलाच नाही. “पडते म्हंजे ते खराब नाही, बाई,” ते म्हणाले. “ते तक्रार करून राहिलं. तुम्ही तक्रारवालाच बदलून टाकता.” त्याच वेळी त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली: सारे एमसीबी खाली असतानाही ईएलसीबी पडत असेल तर घाबरू नका, तो न्यूट्रलचा, म्हणजे वीज परत नेणाऱ्या तारेचा दोष. एमसीबी फेज, म्हणजे वीज आणणारी तार, तोडतात, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. तेव्हा न्यूट्रलच्या पट्टीवरच्या तारा एकेक करून सोडवायच्या. किचकट काम आहे, बारीक स्क्रू असतात, पण दोष सापडतोच.

ईएलसीबीवर एक लहान बटण असते. ते दाबले की स्विच स्वतःच लटकी गळती तयार करतो आणि पडतो, पडला तर तो जिवंत आहे. सावळ्यांनी डब्याच्या झाकणाला आतून एक कार्ड लावले आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी येऊन ते बटण दाबायचे असे ठरले. मी पोहे करायचे, ते बटण दाबायचे, पंखा थांबला आणि रेडिओ गप्प झाला की ते कार्डावर तारीख लिहून पुढे लिहायचे: ‘बटण दाबले, पुरवठा तुटला.’ मग पोहे. चंडीमंदिरच्या छावणीत नव्याने आलेल्या एखाद्या मराठी अधिकाऱ्याच्या घरीही ते हेच करून येत आणि बदली होऊन जाणाऱ्या कुटुंबाला निरोपाची भेट म्हणून एक टेस्टर देत. माझे पती गेले त्या महिन्यातही ते पहिल्या रविवारी आले, बटण दाबले, तारीख लिहिली. पोहे मी केले नव्हते. त्यांनी स्वयंपाकघरात जाऊन स्वतः केले, त्यात मीठ दोनदा पडले, आणि आम्ही दोघांनी ते निमूट खाल्ले. मी हे विसरलेली नाही. पुढचे लिहिताना तर मुळीच विसरलेली नाही.

तीन पावसाळ्यांपूर्वीचा जुलै. माझी मुलगी आठ महिन्यांच्या नभाला घेऊन माहेरी आली होती. ती नोकरी करते, त्यामुळे पुढेही दरवर्षी पावसाळ्याचे दोन महिने नभा माझ्याकडेच असे ठरले होते. पाऊस सुरू झाला आणि ईएलसीबी पडू लागला, दिवसातून सहा-सात वेळा. पंखा बंद, उकाडा, बाळ रडते आहे. सावळे सकाळी दहाला आले. मी डब्यापाशी नेहमीसारखी स्टूल घेऊन बसले, कारण ते काम करताना बोलत आणि मला ते ऐकायला आवडे. त्या दिवशी ते म्हणाले, “बाई, तुम्ही बाळाकडे पहा ना. मी करून घेतो.” दोनदा म्हणाले, म्हणून मी उठले. एकदा आतून स्क्रू फरशीवर पडल्याचा आवाज आला, थोड्या वेळाने पुन्हा एकदा. दोन वाजता त्यांनी हाक मारली. पंखा फिरत होता. झाले म्हणाले. मी विचारले, “कारण काय निघालं?”

“ओल होती,” ते म्हणाले. “वाळली.”

बाहेर पाऊस पडत होता. पस्तीस वर्षांत कुठल्याही विद्यार्थ्याने मला असे उत्तर दिले असते तर मी त्याला उभे राहून पुन्हा विचार करायला सांगितले असते. सावळ्यांना मी चहा दिला.

त्यानंतर स्विच पुन्हा कधी पडला नाही. ऑगस्टच्या पहिल्या रविवारी ते आले तेव्हा त्यांनी एक नवा नियम सांगितला: बटण दाबण्यापूर्वी घरातले सारे बंद करायचे. फ्रिजच्या कॉम्प्रेसरला झटका बसतो, जुना फ्रिज आहे, जपायला हवा. हे मला पटले, ऐकायला शास्त्रीय होते. मग दर पहिल्या रविवारी मी खोलीखोलीतून फिरून पंखे, दिवे, रेडिओ, फ्रिज बंद करी आणि आतून ओरडून सांगे, “झालं!” डब्यातून ‘खट्’ असा स्वच्छ आवाज येई. ते तारीख लिहीत. आम्ही पोहे खात असू. नभा चालायला लागली, मग बोलायला लागली, आणि मागल्या पावसाळ्यात तर ती ओल्या पायांनी धुलाईच्या यंत्राला बिलगून उभी राही, कारण ते थरथरते तेव्हा तिला गुदगुल्या होतात. सावळे तिला उचलून बाजूला नेत. एकदा त्यांनी तिला जरा जोराने ओढले आणि ती रडली. मी हसून म्हणाले, “अहो, स्विच आहे ना आपला.” ते हसले नाहीत. मला वाटले, वय झाले, धाक वाढतो.

ते गेल्यानंतरचा पहिला रविवार. सकाळी माझ्या हाताने सवयीने पोहे भिजवले. वाटले, आज हे बटण आपणच दाबावे, हीच त्यांना श्रद्धांजली. एवढ्या वर्षांत मी ते एकदाही दाबले नव्हते. त्यांनी दाबलेले बटण आपण पुन्हा दाबणे म्हणजे त्यांच्यावर अविश्वास दाखवणे, असे मला वाटत असे. आमच्याकडे पाहुण्याने मोजून दिलेले पैसे पुन्हा मोजत नाहीत, तसे. डब्याचे झाकण उघडले, कार्डावरचे त्यांचे अक्षर बघितले, बोट ठेवले. घरातले काही बंद करायचे भान राहिले नव्हते. रेडिओवर बातम्या चालू होत्या. बटण दाबले. खट्. स्विचचा खटका खाली आला.

रेडिओ बोलतच राहिला.

मी तशीच उभी राहिले. निवेदिका तापमान सांगत होती, पंखा हिवाळ्यामुळे बंद होता, पण फ्रिजची घरघर ऐकू येत होती. मी खटका वर केला, पुन्हा दाबले. खट्. बातम्या चालूच. मग मी जे मुलांना शिकवले ते करू लागले: शक्यता एकेक करून वगळणे. रेडिओत सेल नाहीत. झाकण काढून पाहिले, नाहीत. घरी इन्व्हर्टर नाही. न्हाणीघरातला दिवा लावून आले, परत येऊन बटण दाबले, जाऊन पाहिले, दिवा जळत होता. स्विच पडत होता आणि घराला त्याचा पत्ता नव्हता. पोहे त्या दिवशी तसेच राहिले.

सोमवारी मनीमाजऱ्याहून वायरमन बलविंदरजी आले. त्यांनी मुख्य स्विच बंद करून डब्याचे आतले आवरण काढले, टॉर्च धरला आणि एकेक तार निरखली. मग मला दाखवले. ईएलसीबीच्या वरच्या बाजूला पुरवठ्याच्या दोन तारा येतात आणि खालच्या बाजूने घराकडे जातात, तशी रचना असते. इथे घराकडे जाणाऱ्या दोन्ही तारा खालून काढून वरच्याच दोन स्क्रूंमध्ये बसवल्या होत्या. स्विचला वीज मिळत होती, म्हणून बटण दाबल्यावर तो खट् करून पडत होता. पण घराची वीज त्याच्यातून जातच नव्हती. “चौकीदार तो बिल्कुल ठीक है जी,” बलविंदरजी म्हणाले, “पर रास्ता उसकी पीठ पीछे से निकाल रखा है.” मग त्यांनी कौतुकाने मान हलवली आणि विचारले, “किया किसने? हाथ बड़ा साफ है.”

मी म्हणाले, “पता नहीं.”

मी खोटे बोलले. त्या माणसाच्या नावाची ढाल झाले. आणि हेच मला अजून सलते, की ज्याने मला फसवले त्याच्यासाठी पहिले खोटे मीच बोलले.

बलविंदरजींनी तारा पूर्ववत खाली बसवल्या. ईएलसीबी ताबडतोब पडला, सारे एमसीबी खाली असताना. न्यूट्रलचा दोष. त्यांनी पट्टीवरचे नऊ बारीक स्क्रू एकेक करून सोडवले आणि चाळिसाव्या मिनिटाला स्वयंपाकघराच्या बाहेरच्या भिंतीतला एक कुजलेला सांधा सापडला. तो कापून नवा केला. म्हणजे त्या जुलैपासून दोष भिंतीत तसाच होता, आणि तो सांगणाऱ्या स्विचला बाजूला ठेवलेले होते. तक्रारवालाच बदलून टाकला होता.

त्यानंतर मी सारी कार्डे बाहेर काढली. दरवर्षी ते नवे कार्ड लावत आणि जुनी मागेच ठेवत. मी ती टेबलावर ओळीने मांडली, विद्यार्थ्यांची जर्नल्स तपासायला घेतल्यासारखी. त्या जुलैपर्यंत प्रत्येक तारखेपुढे एकच नोंद आहे: ‘बटण दाबले, पुरवठा तुटला.’ ऑगस्टपासून नोंद अशी: ‘बटण दाबले.’ एवढेच. अडीच वर्षे, दर महिन्याला, त्याच सुबक अक्षरात, अर्धी. त्यांनी कार्डावर एकही खोटे वाक्य लिहिलेले नाही. मी प्रयोगवहीत केवळ कृती लिहून निरीक्षण न लिहिणाऱ्या मुलाला अर्धेच गुण देत असे. हे कार्ड माझ्या डोळ्यांसमोर होते आणि मी ते वाचले नाही.

सुनंदाकडे मी सरळ गेले आणि सरळ विचारले. तिला तारांतले काही कळत नाही. ती म्हणाली की तीन वर्षांपूर्वीच त्यांचा उजवा हात थरथरायला लागला होता. कुणाला सांगायचे नाही असा त्यांनी दंडक घातला होता, पल्लवीलाही नाही. घरात शर्टाची बटणे तीच लावून देत असे. “तुमच्याकडनं आले की जेवायचे नाहीत नीट,” ती म्हणाली. “म्हणायचे, बाईच्या घरचं एक काम माझ्याकडून राहिलं. मी म्हणायची, मग सांगून टाका ना. तर म्हणायचे, पुढच्या रविवारी सांगतो. बाईसमोर स्क्रू हातातून पडून राहिला, तर काय म्हणतील बाई?”

तर उत्तर असे आहे. बारीक नऊ स्क्रू त्यांच्या हातांना जमत नव्हते. मोठे दोन जमले. त्या दिवशी बाळ रडत होते, उकडत होते, त्यांनी आजच्यापुरता मार्ग काढला असेल, आणि पुढच्या रविवारी सांगू म्हणून ठेवला असेल. इथपर्यंत मी समजू शकते. पण पुढचा रविवार आला तेव्हा त्यांनी सांगितले नाही. त्यांनी मला माझेच पंखे बंद करायला पाठवले. फ्रिजची काळजी सांगितली, ती मला पटेल हे त्यांना ठाऊक होते, कारण मला काय पटते हे वीस वर्षांत मीच त्यांना शिकवले होते. एकदा नाही, तीसेक वेळा मी खोलीखोलीतून फिरले, माझ्या हाताने पुरावा पुसला आणि ‘झालं’ म्हणून आवाज दिला. आणि दर पावसाळ्यात माझी नात ओल्या पायांनी त्या यंत्राला बिलगत होती, ते त्यांनी पाहिले, तिला ओढून बाजूला केले, आणि तरीही बोलले नाहीत. एका माणसाच्या हाताची लाज एका पोरीच्या जिवाहून मोठी ठरली. सावळे, तुम्ही स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात द्यायचा होता. मी शाळेच्या प्रयोगशाळेत पस्तीस वर्षे बारीक स्क्रूच सोडवत आले. तुम्ही स्टूलवर बसून सांगितले असते, मी केले असते. त्यात कमीपणा कुणाचा होता?

मला वाटले होते, लिहिता लिहिता राग विरेल. विरला नाही. खारट पोहे आठवतात आणि राग तसाच राहतो, दोन्ही एकाच वेळी. प्रश्नाचे उत्तर मिळाले म्हणजे प्रश्न मिटतो असे मी वर्गात सांगत असे. आता मी तसे सांगणार नाही.

कार्ड मी पुन्हा झाकणाला आतून लावले आहे. त्यांच्या नोंदी खोडल्या नाहीत. मार्चच्या पहिल्या रविवारी मी रेडिओ मोठ्याने लावला, बटण दाबले, आणि निवेदिकेचा आवाज शब्दाच्या मधोमध तुटला. घर एकदम इतके शांत झाले की खालच्या अंगणातला झाडू ऐकू आला. त्यांच्या शेवटच्या ओळीखाली मी तारीख घातली आणि माझ्या अक्षरात लिहिले: बटण दाबले, पुरवठा तुटला.

वाचकांना एक विनंती आहे. आज घरी इन्व्हर्टरवर नसलेला एक दिवा लावा, ईएलसीबीचे लहान बटण दाबा आणि त्या दिव्याकडे बघा. आवाज ग्राह्य धरू नका, मी अडीच वर्षे आवाजच ग्राह्य धरला. दिवा विझला नाही, तर डबा स्वतः उघडू नका, जाणत्या माणसाला बोलवा, आणि त्याने काम केल्यावर बटण पुन्हा स्वतः दाबा. त्याने दाबलेले असले, तरीही.